बाहेरून कडी

चष्म्याच्या काचा घासणारा नवरा आणि हेलिकॉप्टरची इंजिनं खोलणारी बायको, असं ते जोडपं. लग्न झालं तेव्हा तो एका मोठ्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचांना आकार द्यायचा आणि तिची नेमणूक त्याच शहरात होती. मग तिची बदली झाली. बदलीच्या हुकमात नवऱ्याच्या नोकरीचा विचार नसतो. त्यानं मशीन पुसून ठेवलं, मालकाचा निरोप घेतला आणि तिच्यामागोमाग लष्करी वसाहतीत आला.

तारेच्या कुंपणाआत एकसारखी क्वार्टर्स, दारांचे रंगसुद्धा सारखे. सुरुवातीला एकदा तर तो दुसऱ्याच्याच घरात शिरला आणि चपला काढून बसलाही. फाटकावर दाखवायच्या पासावर त्याच्या फोटोखाली ‘अवलंबित’ असं छापलेलं होतं.

“निदान ‘नवरा’ तरी लिहायचं,” तो म्हणाला.

“ते पद कायमचं नसतं रे,” बायको म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसले.

तिची आई त्यांच्याकडेच असे. शाळेत खेळ शिकवण्यात सासूबाईंचा जन्म गेला होता. ताठ पाठ, झपझप चाल आणि निवृत्तीनंतरही गळ्यात शिट्टी. जावयाचं आणि त्यांचं चांगलं जमायचं. तो त्यांना ‘आई’ म्हणे आणि त्या त्याला ‘जावईबापू’. सकाळच्या चहाला दोघं मिळून मुलीच्या उशिरा उठण्याची यथेच्छ टिंगल करत.

मग तिच्या पथकाला सीमेपलीकडच्या मोहिमेवर जायचा हुकूम आला. सहा महिन्यांसाठी. निघण्याआधी एका अधिकाऱ्यानं सगळ्या घरच्यांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं, “फोनवर घरची रडगाणी ऐकवू नका. खाली यांचं लक्ष उडालं, तर वर उडणाऱ्यांचं काय होईल, ते तुम्हीच बघा.” हॉलमध्ये बहुतेक बायकाच होत्या. पुरुष दोन-चार, तेही भिंतीला टेकून.

निघताना ती त्याला म्हणाली, “आईकडे बघशील ना?”

“हे काय विचारणं झालं?” तो म्हणाला.

ती गेली आणि काही आठवड्यांतच सासूबाईंचं काहीतरी बिनसलं. आधी चष्मा फ्रीजमध्ये सापडला. चष्मेवाल्याच्या सासूचा चष्मा फ्रीजमध्ये, म्हणून तो हसला. मग त्या भल्या पहाटे कपडे करून दाराशी उभ्या राहायला लागल्या. “शाळेला उशीर होतोय,” म्हणायच्या. एकदा तो कपडे वाळत घालत असताना सरळ चालत फाटकापर्यंत गेल्या. पहारेकऱ्यानं त्यांना परत आणलं आणि ओशाळून म्हणाला, “साहेब, या मला रांगेत उभं राहा म्हणत होत्या.”

डॉक्टरनं तपासलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, “हे आता वाढतच जाणार. यांना एकटं सोडू नका.”

बायकोचा फोन यायचा तेव्हा आवाज फाटलेला असे, मागे इंजिनांची घरघर.

“आई कशी आहे?”

“मजेत.”

“झोपते नीट?”

“माझ्यापेक्षा बरी.”

“तू?”

“माझं काय होतंय? ऐष चाललीय.”

फोन ठेवला की तो सासूबाईंच्या मागे धावायचा, कारण तेवढ्यात त्यांनी नळ सोडलेला असायचा नाहीतर गॅस. दिवसभर त्याच तीन खोल्या. बाजारात जायचं तर त्यांना घेऊन, केस कापायचे तर त्यांना शेजारी बसवून. एकच प्रश्न त्या इतक्या वेळा विचारत की उत्तर देताना त्याला आपलाच आवाज परका वाटू लागे. शेजारच्या क्वार्टरमधल्या वहिनी तेवढ्या मदतीला येत. त्यांचाही नवरा मोहिमेवर, पदरात जुळी पोरं. “भाऊजी, या घटकाभर फिरून,” त्या म्हणत. तो कुंपणाच्या कडेनं एक चक्कर मारायचा. कुठूनही निघालं तरी शेवटी तीच तार आडवी यायची.

परतायची तारीख जवळ आली, तशी त्यानं मनातल्या मनात उलटी गिनती सुरू केली. तेवढ्यात फोन आला.

“मुदत वाढलीय,” ती म्हणाली. “अजून तेवढीच.”

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वरून आलंय रे. माझ्या हातात काय आहे?”

“नाही, बरोबर आहे,” तो म्हणाला. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेला आणि कांदा चिरायला घेतला. रडायला तेवढं निमित्त पुरे होतं.

त्याच सुमारास फाटकाबाहेरच्या रस्त्यावर एका चष्म्याच्या दुकानात दुपारपुरता कारागीर हवा होता. वहिनी म्हणाल्या, “जा, मी बसते. नाहीतर तुम्हीच फ्रीजमध्ये डोकं ठेवून बसाल.” तो गेला. मशीनचं चाक फिरू लागलं, काचेवर पाण्याची धार पडली आणि त्याच्या छातीवरचं ओझं एकदम हललं. गिऱ्हाइकांशी तो उगाचच जास्त बोलायचा. मालकीणबाईंना वाटलं, माणूस बडबड्या आहे.

असे काही आठवडे बरे गेले. मग वहिनींचा धीर सुटला. त्यांच्याही नवऱ्याची मुदत वाढल्यापासून पोरं रात्रंदिवस किरकिरत होती. एका सकाळी त्यांनी सामान बांधलं आणि माहेरी गेल्या. जाताना म्हणाल्या, “भाऊजी, रागावू नका. मला इथं श्वास घेता येत नाही.”

रागावणार कसा? त्याला हेवा वाटला.

त्या दुपारी सासूबाई जेवून झोपल्या. त्यानं गॅस बंद केला, सुऱ्या उचलून ठेवल्या, बाहेर आला, दाराला कडी घातली आणि वर कुलूप लावलं. दाराला कान लावून थोडा वेळ उभा राहिला. आत शांतता होती. मग सायकलवर टांग टाकून तो निघाला. परत येऊन बघतो तर सासूबाई अजून घोरत होत्या. त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी दाराशी तो कमी वेळ उभा राहिला. पुढे पुढे थांबेनासाच झाला. आपण करतोय ते वाईट आहे, हे त्याला कळत होतं. पण दुपार झाली की पाय आपोआप सायकलकडे वळत.

एके दिवशी तो परतला तेव्हा क्वार्टरसमोर ही गर्दी. दार फोडलेलं, कुलूप जमिनीवर पडलेलं. सासूबाई लवकर उठल्या होत्या. दार उघडेना तेव्हा त्यांनी खिडकीशी उभं राहून शिट्टी वाजवली होती, तासभर, ओठ सुजेपर्यंत. हाताची बोटं दारावर आपटून सोलवटली होती. आता त्या पायरीवर बसल्या होत्या, कुणीतरी खांद्यावर शाल टाकलेली. त्याला बघताच त्या केविलवाण्या आवाजात म्हणाल्या, “मी काही केलं नव्हतं हो. मला शिक्षा कशाला?”

तो तिथंच, लोकांच्या पायांशी, खाली बसला. कुणी शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याला वसाहतीच्या कार्यालयात बोलावणं आलं. बायकोला कळवलं गेलं होतं. सुभेदारानं फोन त्याच्या हातात दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहिला. या वेळी आवाज अगदी स्वच्छ येत होता.

“तू माझ्या आईला कोंडून ठेवलंस?”

“हो.”

“रोज?”

“रोज. दुपारी.”

“तुला लाज नाही वाटली?”

“वाटली,” तो म्हणाला. “तरी गेलो. ती आत, मी बाहेर. संध्याकाळी मी परत आत. तुझ्या आईला निदान शिट्टी वाजवता आली. मी कुणाला हाक मारायची? तुला? तुझं लक्ष उडालं असतं ना!” इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर पडलं. चष्मा, नळ, गॅस, डॉक्टर. “ती आता मलाही कधी कधी ओळखत नाही. आणि मी तुला ‘मजेत’ म्हणून सांगतोय.”

पलीकडे खुट् असा आवाज झाला. त्याला वाटलं, लाइन तुटली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“आईचं. निघायच्या आधीपासून. बाजारात ती मला तिच्या बहिणीच्या नावानं हाका मारत होती. घराचा रस्ता चुकली. तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस. आणि मुदत वरून नव्हती वाढली. थांबायला तयार असलेल्यांची नावं मागितली होती. मी दिलं.”

“का?”

“इथं काय बिघडलंय ते मला कळतं. खोलते, दुरुस्त करते. घरचं तसं करता येणार नाही, म्हणून पळाले.”

त्यानं फोन कानापासून दूर धरला. खिडकीतून बाहेर सुभेदार गवतातला एक दगड बुटानं इकडून तिकडे सरकवत होता. मग त्यानं फोन पुन्हा कानाला लावला. “परत ये,” तो म्हणाला. “भांडायला तरी ये.”

तिनं अर्ज केला. बदली माणूस मिळेपर्यंत सोडता येणार नाही, असं उत्तर आलं. त्यानं दुकानातलं काम सोडलं. वसाहतीच्या कल्याण केंद्रातल्या बाई घरी येऊन गेल्या. दिलासा भरपूर दिला, माणूस दिला नाही. ते आठवडे त्यानं आणि सासूबाईंनी दार सताड उघडं टाकून काढले. त्या उठून निघाल्या की तोही चपला घालून मागोमाग निघायचा. त्या दमेपर्यंत चालायचा.

शेवटी ती आली. दारात पाठपिशवी टाकून “आई!” म्हणाली. सासूबाईंनी गणवेशाकडे नीट बघून घेतलं आणि अदबीनं विचारलं, “आपण कोणाकडे आलात?” मग आत वळून म्हणाल्या, “जावईबापू, पाहुण्या आल्यात. चहा टाका.”

ती उंबऱ्यावरच रडली. त्यानं आधी चहा टाकला, मग तिच्याजवळ जाऊन बसला. भांडण झालंच, काही दिवस चाललं, आणि दमून थांबलं. लष्कराशी केलेला करार तिला मोडता येत नव्हता. कुंपणाआत राहणं त्याला आता शक्य नव्हतं. त्यांच्या जुन्या शहरात अशा म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं आणि जुन्या मालकानं मशीन अजून दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. “मी आईला घेऊन जातो,” तो म्हणाला. माझी आई, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. क्वार्टर कुटुंबासाठी होतं, त्यामुळे ते तिला सोडावं लागलं. ती बराकीतल्या एका खोलीत राहायला गेली.

आता सुट्टी मिळाली की ती बसनं त्यांच्याकडे जाते. पहिल्या खेपेला तिनं आईला अंघोळ घालायला घेतलं तर आईनं तिचा हात चावला. “आधी पाणी दाखव,” तो दारातून म्हणाला. “बोट बुडवू दे तिला. घाई करू नकोस.” दुसऱ्या खेपेला जमलं. अंघोळ झाल्यावर आईनं तिच्या गालाला ओला हात लावला. ओळखून की नुसताच, कोण जाणे.

त्या संध्याकाळी निघायच्या वेळेला ती म्हणाली, “पुन्हा नावं मागितलीत. या खेपेला मी दिलेलं नाही. पण नाव न देताही पाठवतात. माझं येईल असं दिसतंय.”

“कधी?”

“सांगत नाहीत. कळलं की त्याच दिवशी तुला सांगेन.”

तो सासूबाईंच्या स्वेटरची बटणं लावत होता. एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, ते काढून त्यानं नीट लावलं.

“सांग,” तो म्हणाला. “खरं काय ते सांग म्हणजे झालं.”

तिनं मान हलवली, पाठपिशवी खांद्याला लावली आणि बस चुकू नये म्हणून भराभर जिना उतरली.