खिद्रापुरी खोपा

"ताई, मान जरा डावीकडं. हां, आता हलायचं न्हाय," तानाबाई म्हणाली आणि तिसरा पेड दुसऱ्याच्या खालून ओढून घेतला.

आरशात संयोगिता हसली. कागलच्या या लग्नघरात सकाळपासून पाहुण्यांचा नुसता कालवा चालला होता, पण या खोलीचं दार लोटलेलं होतं. मुहूर्त साडेबाराचा. नवरीला खिद्रापूरच्या देवळात कोरलेल्या बायकांसारखा खोपा हवा होता. उजव्या कानामागे उतरलेला, भोवती वेणीची कड आणि कडेला अबोलीचा गजरा. महिनाभर आधीच तिने पार्लरवाल्या क्रांतीला फोटो दाखवून ठेवला होता. आणि क्रांतीने आज पहिल्यांदाच तानाबाईला एकटीला पाठवलं होतं. पिना हातात द्यायला नव्हे, खोपा घालायला.

चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईच्या हाताला पहिल्यांदा कला लागली म्हटलं तर लोक हसतील, पण तानाबाईचं तसंच झालं होतं. क्रांतीच्या पार्लरात ती केर काढायला होती. दर मंगळवारी तिथे जुन्या काळच्या केशरचनांचा क्लास चाले. पोरी मूर्तींचे फोटो समोर ठेवून डमीच्या डोक्याशी झटापट करत, आणि त्यांच्या पायाशी पडलेले केस गोळा करता करता तानाबाई बघत राही. एक दिवस न राहवून बोलली, "ताई, त्यो एकदम न्हाय वळवल्याला. आदी दोन वेण्या घातल्यात, मग गुंडाळल्यात." क्रांतीने तसं करून पाहिलं आणि तिच्या हातातला झाडू काढून घेतला.

मग तिला नादच लागला. एका रविवारी एसटीने खिद्रापूर गाठून ती दिवसभर एकेका मूर्तीखाली मान वर करून उभी राहिली. तिथे गेल्यावर कळलं, या दगडातल्या बायकांना डोक्याची मागची बाजूच नाही, ती भिंतीत गेलेली. पुढून दिसतं तेवढं कुणीही करील. गाठ कुठे मारायची, भार कशावर तोलायचा, ते आपलं आपणच शोधायचं. तिने चार महिने डमीवर शोधलं. खोटं कशाला सांगा, क्रांतीलाही ते तसं जमत नव्हतं.

तिच्या स्वतःच्या डोक्याची कथा वेगळीच. नवव्या वर्षी केसांत गुंता झाला, आईने त्याला यल्लम्माची जट म्हणून हळदकुंकू वाहिलं, आणि कंगवा सुटला तो सुटलाच. तेहतीस वर्षं तिने ते ओझं मानेवर वागवलं. लग्न नाही, संसार नाही. दोन वर्षांपूर्वी एका संस्थेच्या बायकांनी समजूत घालून जट कापली. मान हलकी झाली, आणि महिन्याभरात आई गेली. तिच्या उचगावातले लोक बोलायचं ते बोललेच. खरं सांगायचं तर तानाबाईलाही अधूनमधून तसंच वाटे.

शेवटची पिन खोचून तिने पाठीमागे दुसरा आरसा धरला. संयोगिता बघतच राहिली.

"मावशी, हे माझंच डोस्कं हाय व्हय?"

तानाबाईला हसू आवरेना. इतकं मनापासून ती कधी हसली होती, तिलाही आठवलं नसतं.

तेवढ्यात चहाचा कप घेऊन नवरीची आत्या, चिमणाबाई, आत आली. तिचं सासर उचगावचं. कप हातात तसाच राहिला.

"तू तानी न्हवं? जटंची?"

नाही म्हणता आलं असतं. तानाबाईने पदर पुढे ओढला. "व्हय," ती म्हणाली.

"आगं, देवीची जट कापली हिनं! म्हैन्यात आई गेली हिची. आन् लगनाच्या पोरीच्या डोस्क्याला हात लावतीस?" आवाजात राग होता, पण त्याहून भीती जास्त होती. नवरीची आई धावत आली, ऐकलं आणि दार आतून लावून घेतलं.

"आत्या, असलं काय नसतंय," संयोगिता म्हणाली.

"आन् उद्या जावायाला काय झालं मंजे?"

संयोगिताने आरशातली नजर खाली घातली.

तानाबाईला तिचा राग आला नाही. वाईट वाटलं. आत्या पुढे झाली आणि खोप्यात बोटं घालून ओढू लागली, तशी पोर कळवळली.

"वडू नगासा," तानाबाई म्हणाली. "केस तुटतील पोरीचं. मी घातलाय, मीच सोडती."

"लावायचा त्यो हात लावलाच हाय तिनं," नवरीची आई डोळे पुसत म्हणाली. "सोडू दे तिलाच."

तानाबाईने गजरा उतरवला. एकेक पिन काढून बशीत ठेवली. चार महिने शोधलेली ती मागची गाठ एका बोटाने सुटली आणि केस पाठभर पसरले. मग कंगवा घेऊन ती खालून वर, हलक्या हाताने विंचरत गेली. एकही गुंता राहू दिला नाही.

ती अंगणात येऊन चपला घालेपर्यंत आत पाणी तापलंही होतं. नवरीला पुन्हा डोक्यावरून न्हाऊ घालत होते. शिकेकाईचा फेस न्हाणीच्या मोरीतून बाहेर आला, तशी ती बाजूला सरकली.

फोन वाजला. क्रांती होती.

"तानामावशी, झाला का खोपा?"

"झाला की. लई चांगला झाला."

"फोटो काढलासा न्हवं?"

"न्हाय."

"आता काय म्हणू तुमास्नी! मग लोकांना कसं कळायचं तुमी घातलासा म्हणून?"

"कळलं की ताई सगळ्यास्नी," तानाबाई म्हणाली.

तिच्या बोटांना त्या पोरीच्या केसांचं तेल लागलं होतं. पदराला न पुसता ती तशीच एसटी स्टँडकडे चालू लागली.