कुणाच्या हातात

दुभाषी बाईंची स्पॅनिश शिकवणीतली. सासूबाईंची मात्र बोबड्या बोलांपासूनची, आणि ही गोष्ट त्या सुनेला कधी विसरू देत नसत. त्या भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ बहुतेकदा गिळूनच टाकतात. कोण गेलं, कोण बोललं, हे ऐकणाऱ्याने आपलं आपण ओळखायचं. सासूबाई चटकन ओळखायच्या, सून घुटमळायची. “अगं, ज्याची गोष्ट चाललीय तोच की! यात विचार कसला करायचा?” म्हणत सासूबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या.

आज पोलीस ठाण्याच्या कोंदट खोलीत बाई पुन्हा घुटमळल्या. समोर फक्त स्पॅनिश येणारी एक आई बसली होती. काल तिच्या दोन मुलांची जुंपली. धाकटा जिवानिशी गेला आणि थोरला आता शेजारच्या कोठडीत होता. सुरी आधी कुणाकडे होती, एवढंच जबाब घेणाऱ्या साहेबांना हवं होतं. धाकट्याकडे असली तर थोरल्याने स्वतःचा जीव वाचवला असं म्हणता आलं असतं. नाहीतर जन्मभर गजाआड.

“थोरला धाकट्याच्या खोलीत गेला तेव्हा हातात सुरी होती,” आई म्हणाली. बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं.

“कुणाच्या हातात?” साहेबांनी विचारलं.

सासूबाई ताडकन म्हणाल्या असत्या, थोरल्याच्या, आणखी कुणाच्या! बाईंनाही तसंच वाटत होतं, पण छातीठोकपणे सांगवेना. आणि एखाद्याच्या पोराच्या आयुष्याची गोष्ट अंदाजपंचे सांगायची? छे! त्यांनी आईलाच विचारलं.

आईने तोंड फिरवलं. भिंतीकडे बघत ती म्हणाली, “धाकट्याच्या.”

साहेबांनी लिहून घेतलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. खरं-खोटं देव जाणे, एक पोरगं तरी घरी जाईल.

तेवढ्यात आईने टेबलावरून बाईंचा हात धरला. तिची भाषा कळणारं त्या अख्ख्या इमारतीत दुसरं होतंच कोण! “पोरी, तो बिचारा गेलाच गं. त्याच्यावर ढकललं म्हणून त्याचं आता काय बिघडणार? मला एक तरी राहू दे.”

“काय म्हणाल्या?” साहेबांनी पेन थांबवलं.

खोलीत निघालेला शब्द न् शब्द सांगायचा, अशी बाईंची शपथ. ते समोरच्याला आधीच बजावायचं कामही त्यांचंच, आणि आज घाईगडबडीत नेमकं तेच राहून गेलं होतं. ‘काही नाही, रडतायत’ एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण साहेब टक लावून बघत होते, आणि शपथ मोडायची हिंमत बाईंना झाली नाही. त्यांनी सगळं सांगितलं.

साहेबांनी मघाची ओळ खोडली. आईला त्यातलं काही कळलं नाही. ती बाईंचा हात थोपटत होती.

“थोरल्याला आजच सोडतील ना गं?” तिने विचारलं.

बाईंनी तेही साहेबांना सांगितलं.