तात्यासाहेबांना आत सोडू का?

वाळूजच्या कारखान्यातला माल कुठल्या ट्रकनं कुठं जाणार, हे तात्यासाहेब गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सिडकोतल्या घरी बसून कॉम्प्युटरवर ठरवायचे. त्यांचा पासवर्ड कुणीतरी चोरला. म्हणून कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या इंद्रजीतनं त्यांच्या मोबाईलवर सोय करून दिली: त्यांच्या नावानं कुणीही आत शिरू लागलं की फोन विचारणार, 'आत सोडू का?'

तात्यासाहेब दर वेळी 'हो' दाबायचे. दारी आलेल्याला नाही म्हणायची त्यांच्या घराण्यात रीतच नव्हती! चोर निवांत आत आला आणि ब्रेकच्या सुट्या भागांनी भरलेला ट्रक भलतीकडंच धाडून मोकळा झाला.

"काका, अहो, तो चोर होता!" इंद्रजीतनं कपाळाला हात लावला.

"असंल. पण लई अदबीनं विचारलं रे त्यानं."

कारखान्याच्या साहेबांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर घरून काम बंद. त्या गुडघ्यानं शिफ्टच्या बसची पायरी चढायची म्हणजे नोकरीवर पाणीच सोडायचं. तात्यासाहेब हबकले. शेवटी इंद्रजीतनं तो प्रश्न त्यांच्या बायकोच्या, सत्यभामाकाकूंच्या मोबाईलवर वळवला.

दुसऱ्याच दिवशी चोराचा फोन. "मॅडम, हेड ऑफिसमधून बोलतोय. तेवढं 'हो' दाबा."

"गाव कोणतं तुमचं?" काकूंनी सुरुवात केली. "मामा कुठले? बहीण कुठं दिली? तिच्या सासूचं माहेर?"

चोर बहिणीपर्यंत कसाबसा टिकला, सासूचं नाव निघताच त्यानं फोन ठेवला. तात्यासाहेबांना बायकोचा असा अभिमान वाटला म्हणता!

मग ते स्वतः कामाला बसले. गेटवर ट्रक खोळंबले होते. काकूंचा मोबाईल वाजला.

"अगं, मीच हाय. दाब की."

"चोर बी असंच म्हणंल. मला कोणती भाजी आवडती?"

तात्यासाहेब चाचरले. "वांगं?"

"ते तुम्हाला आवडतं. मी कितवीपर्यंत शिकले?"

"सातवी... व्हय ना?"

"दहावी. फर्स्ट क्लास."

काकूंनी चष्मा पुसला, मोबाईल डोळ्यांजवळ नेला आणि शांतपणे 'नाही' दाबलं.

तात्यासाहेबांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आलं: अनोळखी व्यक्ती. प्रवेश नाकारला.

कारखान्यातून साहेबांचे फोनवर फोन येत राहिले. तात्यासाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंद्रजीतच्या यंत्रणेत आता काही म्हणजे काहीच बिघाड नव्हता.