दुखणं चाकात नव्हतं

मित्रांनो, मी घोड्यासारखी टांग टाकून बसायची एक जुनी चार चाकांची डोंगरगाडी आहे आणि माझ्याखाली एका कुत्र्याचा जीव गेला आहे. ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे बोलायला तोंड राहायचं नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. ट्रकच्या पाठीवर बसून, खिंड ओलांडून मी किरगिझ डोंगरातल्या कारा-तोरच्या कुरणावर आले, तेव्हा मेंढपाळ एसेनकुलने शुभ म्हणून माझ्या हँडलला लोणी फासलं. सहा उन्हाळे मी मेंढरं हाकली, मिठाची पोती वाहिली, लांडगे पिटाळले. "घोडा दमतो, ही बया दमत नाही," असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि मी फुगून जायचे. घोड्याला तो रोज खरारा करी. माझ्या बुडाचा चिखल मात्र सहा वर्षं तसाच वाळत राहिला.

सातव्या उन्हाळ्यात माझ्या मागच्या अंगात ठकठक सुरू झाली. वळताना मी झोके खाऊ लागले. एसेनकुलच्या सात पिढ्या घोड्यावर गेलेल्या. जनावर लंगडलं की तो आधी खूर उचलणार. माझ्या बाबतीतही त्याने तेच केलं. चाकांचे नट आवळले, पान्यावर पाय दिला, वरून हातोडा घातला.

"अहो, आवाज चाकातून नाही, मधून येतोय," त्याची बायको बुरुलचा म्हणाली.

"तू कधीपासून लंगडं ओळखायला लागलीस? जा, चहा टाक."

ठकठक थांबेना, तेव्हा त्याने मला चाबकाने झोडपलं. सीट फाटली.

मग ती सकाळ उजाडली. लांडग्याने कळपात घुसून तीन मेंढ्यांचे गळे फोडले. रक्ताळलेल्या गवतावरून एसेनकुलने मला उतारावर भरधाव सोडलं. त्याच्या शिळेसरशी त्याचा कुत्रा आकतोश शेजारून धावत होता. वळणावर माझा मागची दोन्ही चाकं जोडणारा दांडा, अ‍ॅक्सल, एका बाजूला सरकला, ब्रेक लागला नाही आणि मी उलटले. एसेनकुलचा डावा हात मोडला. आकतोश माझ्याखाली सापडला. तो बराच वेळ केकाटत होता. मला तसूभरही बाजूला होता आलं नाही.

घोड्याला दोर बांधून बुरुलचाने मला सरळ केलं आणि तंबूपाशी ओढत आणलं. एसेनकुलने उजव्या हातात कुऱ्हाड घेतली. माझे दोन्ही दिवे फोडले, टाकी चेपली. मी मनात म्हटलं, घाल अजून. माझी तीच लायकी होती.

हाड बसवायला सोनूनएजे आली. माणसं आणि घोडे, दोघांचीही हाडं बसवणारी ही बाई, सगळ्या कुरणाची एजे, म्हणजे थोरली बहीण. तिने त्याचा हात धरून कचकन ओढला. एसेनकुल किंचाळला.

"ओरड बाबा, मोकळ्याने ओरड. गाडी फोडताना बरा आवाज निघत होता!"

"एजे, त्या अवदसेला आधी दरीत लोटू दे."

"दरी कुठे पळून जात नाही. हिचंही हाड बघू."

तिने माझं मागचं अंग दोन ओंडक्यांवर चढवलं. बुरुलचाला डावं चाक धरायला सांगून स्वतः उजवं हलवलं.

"एजे, हे पण हललं!"

"खुराचं दुखणं एका पायात असतं. दोन्ही हलतात म्हणजे कंबर ढिली झालीय."

"मी केव्हाची सांगत होते," बुरुलचा म्हणाली आणि कुत्र्यासाठी रडू लागली.

चिखल खरवडल्यावर सगळं दिसलं. अ‍ॅक्सलला जागेवर धरणारे दोन मोठे नट सुटत आले होते आणि आतल्या बेअरिंगांचा चुरा झाला होता. बुरुलचाने शहरातून नवी बेअरिंगं आणवून बसवली, अ‍ॅक्सल वाकला नाही ना ते पाहिलं, दोन्ही नट एकमेकांवर घट्ट आवळले. मग पुन्हा चाकं हलवली. ठक नाही की ठुक नाही.

हाताचं हाड जुळल्यावर एसेनकुल माझ्याजवळ आला, पण बसला नाही.

"निघू का?" त्याने बायकोला विचारलं.

"थांबा," म्हणत तिने दोन्ही चाकं पुन्हा धरून पाहिली. तिचं होईपर्यंत तो थांबला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना ठकठकीपलीकडे बोलता येत नाही. ती ऐका. नाही समजली, तर ज्याला समजते त्याला गप्प बसवू नका. एसेनकुल आता रोज विचारून निघतो. उतारावर आलो की सवयीने शीळ घालतो, मागे वळून पाहतो, आणि मग मला अगदी हळू चालवतो.