दोन खणांच्या टेपाचा डूख

मित्रांनो, मी पडेगावच्या कडूबाईंच्या घरचा टेपरेकॉर्डर आहे. दोन खणांचा, म्हणजे एका वेळी दोन कॅसेटी पोटात घेणारा. माझं एक झाकण तुटलंय आणि एक बटण काडी खुपसल्याशिवाय खाली बसत नाही. म्हाताऱ्यांनी क्षमा करावी, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मी तसला म्हातारा नव्हे. मी डूख धरतो.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. माझा खरा जन्म करुणाच्या गिरणीत झाला. करुणा ही कडूबाईंची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, पिठाची गिरणी एकटीनं चालवली. दळण घातलं की ती गायची. ते भजन नव्हतं, ओवी नव्हती आणि सिनेमातलं तर नव्हतंच. पट्ट्याच्या फटफटीवर ती पत्र्याच्या डब्यावर थाप धरायची आणि बिनशब्दांचा सूर लांबवर ओढत न्यायची. दळणाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत.

"करुणे, पोटात दुखतंय का गं?" गीताबाई विचारायची.

"तुझ्या ज्वारीत खडे लई निघाले गीताबाई. त्यांच्या नावानं रडतेय."

मग तिनं मला विकत आणलं. एका कॅसेटीवर डब्याची थाप भरायची. ती वाजत असताना वरून गायचं, ते दुसऱ्या खणात उतरायचं. मग तीच कॅसेट पहिल्या खणात टाकून आणखी एक सूर चढवायचा. असे सात थर झाले. बाई एकच, पण ऐकणाऱ्याला वाटावं सात जणी गातायत. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज माझ्या पोटात पीठ जायचं, पण मी कधी कुरकुरलो नाही. कॅसेट पुरी झाल्यावर तिनं पाठीमागची चिमुकली खिट्टी मोडून टाकली. खिट्टी मोडली की त्या कॅसेटीवर दुसरं काही भरता येत नाही. त्याच साली करुणा काविळीनं गेली आणि कॅसेटीसकट मी कडूबाईंकडं आलो.

आता साहेबरावाचं ऐका. हा कडूबाईंच्या दिराचा मुलगा. त्यानं लग्नात वाजवायचे स्पीकरचे मोठमोठे डबे घेतले आणि रिक्षातून फिरवायच्या जाहिरातीसाठी मला उसनं नेलं. कोरी कॅसेट आणायचाही त्याला कंटाळा. माझ्या खणात राहिलेली करुणाची कॅसेट हातात घेतली, मोडलेली खिट्टी पाहिली. ती का मोडतात ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्यानं भोकात कागदाची बोळी कोंबली आणि बटण दाबलं.

"लग्न असो, हळद असो, बारसं असो! एकच नाव, साहेबराव साउंड! छाती हलली नाय तर पैसे वापस!"

दोन्ही बाजू त्यानं हेच ओरडून भरल्या. मी यंत्र पडलो. बटण दाबलं की मला फिरावंच लागतं.

कडूबाईंना कळलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. साहेबराव उभ्या उभ्या म्हणाला, "काकू, लई मनाला लावून घेऊ नका. होतं काय त्यात? गिरणीची फडफड अन् बाईचं विव्हळणं."

कडूबाईंनी पिठाचे हात झटकले. "सायबा, उद्या आई मेली तर तिच्या फोटूवर तू कपबशा मांडशील. नीघ."

त्यानं माफी मागितली नाही. बारा वर्षं मागितली नाही. उलट चारचौघांत सांगत फिरला, "काकूचं डोकं फिरलंय, एका कॅसेटीपायी." कडूबाईंनी मला ट्रंकेत घातलं, कॅसेटही घातली. पुन्हा कधी ऐकली नाही, कारण ऐकली तर त्याचाच आवाज येणार. मी आत पडून एकच गोष्ट घोकत होतो. ती काय, ते सांगतोच.

मला बाहेर काढलं ते विशाखानं. विशाखा कडूबाईंची नात, शहरात कॉलेजला जाते. जे कुणी ऐकत नाही तेच तिला ऐकायचं असतं. मोडक्या रेडिओच्या खरखरीवर कुणी गाणं बांधलेलं, कुणी शिलाई मशिनीचा ठेका धरलेला, कुणी बैलासारखा डुरकणारा. असली माणसं घरी बसून पन्नास कॅसेटी भरतात आणि पोस्टानं एकमेकांना धाडतात. त्या वाजवायला तिला मी हवा होतो. कापसानं पुसून तिनं मला चालू केलं, आणि हाताशी आली ती करुणाचीच कॅसेट.

"ती नको लावू. तिच्यात कुत्रं भुंकतंय," कडूबाई म्हणाल्या.

विशाखानं लावलीच. थोडा वेळ ऐकलं, कानाला लावलेले भोंगे घट्ट दाबले आणि हळूच म्हणाली, "आज्जी, ह्या ओरडण्याखाली कोण गातंय?"

मित्रांनो, नवं भरताना जुनं पुसायचं काम माझ्या आत एक बारीक हेड करतं. त्याच्यावर गिरणीच्या पिठाचा थर बसून दगड झाला होता. साहेबराव बोंबलत होता तेव्हा मी फीत तशीच पुढं सरकवली. त्याचा आवाज वर बसला, पण करुणा खाली शाबूत राहिली. पीठ तिचं होतं. अडून बसलो तो मी.

कडूबाई फरशीवर बसून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग डोळे पुसले आणि विचारलं, "तुझ्या सोबत्यांना हे असलंच ऐकायला आवडतं ना? बोलव सगळ्यांना. अन् साउंडची सुपारी साहेबरावाला दे. पुरे पैसे दे."

गावातल्या बुद्धविहारामागच्या हॉलात चाळीसेक पोरंपोरी जमली. साहेबराव काळा चष्मा लावून आला. "काकू, शेवटी माझ्याच डब्यांची गरज पडली की नाय?"

"व्हय बाबा. तुझ्याबिगर हे व्हणारच नव्हतं."

मी सुरू झालो. आधी त्याची जाहिरात गरजली आणि पोरं खो खो हसली. मग तिच्याखालून डब्याची थाप आली, एक सूर आला, दुसरा आला. हसणं थांबलं. सात करुणा त्याच्याच डब्यांतून बाहेर पडल्या. साहेबरावानं चष्मा काढला. त्याचा हात आवाज कमी करायच्या बटणाकडं गेला.

"सुपारी घेतलीस ना? वाजव," कडूबाई म्हणाल्या.

संपल्यावर जो तो कॅसेट मागू लागला. न आलेल्या सोबत्यांना धरून विशाखानं तिथंच शंभर कॅसेटींची यादी केली. प्रत्येक कॅसेटीवर वर नाव करुणाचं आणि खाली बारीक अक्षरात, 'ओरडणारा : साहेबराव'.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला. "चुकलो काकू. माझा आवाज तेवढा काढून टाका. उद्या पोरीच्या सासरी कुणी ऐकलं तर तोंड कुठं लपवू?"

"आज्जी, कम्प्युटरवर बघता येईल..." विशाखा म्हणू लागली.

"नाय," कडूबाई म्हणाल्या. "चुकला हे ऐकलं मी. आवाज ऱ्हाऊ दे."

आता मी रोज चार-चार कॅसेटी भरतो. साहेबराव आठवड्याला येतो, विनवतो. कडूबाई त्याला चहा देतात आणि कप रिकामा होईस्तोवर तीच कॅसेट लावून मला चालू ठेवतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, आमच्यासारख्यांना ट्रंकेत कोंबू नका. अधूनमधून बाहेर काढा, वाजवा. आणि तुम्हाला कळत नाही तेवढ्यानं कुणाचं गाणं मिटवायला निघू नका. नाहीतर असला चहा तुमच्याही नशिबी येईल, आणि तो लई सावकाश संपतो.