धुराचं फूल

झुपकेदार मिशी, दोन्ही टोकं छताकडे.

केकची भट्टी, दीडशे अंशांवर. आत केक नाही.

वीजकेंद्रामागे चाळीस ट्रक भरतील एवढा पांढरा ढीग.

तेलाचा एक डबा.

आता हे सगळं एका खोलीत आणू. खोली सासऱ्यांच्या कारखान्यातली. इथे छताला लावायची प्लास्टरची फुलं बनतात. जावई वीजकेंद्रात केमिस्ट. कोळशाच्या धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारला की धुरातलं गंधक त्यात अडकतं आणि खाली जिप्सम साठतं. त्यातलंच थोडं त्यानं घरी केकच्या भट्टीत भाजून, दळून, प्लास्टर करून आणलं होतं. शुक्रवारपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही तर ढीग खड्ड्यात आणि जावयाची बदली दोन दिवसांच्या प्रवासावर. बायकोसकट.

"गाळ तो धुराचा, जावईबापू," सासरे म्हणाले. "त्याचं कसलं फूल होतंय?"

"एकदा ओतून तर बघा, बाबा."

मिनिट पहिलं. फूल चिकटू नये म्हणून मुलीनं साच्याला तेल लावलं. नवऱ्यानं पीठ कालवून ओतलं.

मिनिट दुसरं. सासरे तेल शोधू लागले. साच्याला आणि मिशीला ते एकाच डब्यातलं तेल लावत.

"डबा कुठं गेला गं?"

"असेल इथंच. तुम्ही फूल बघा आधी."

मिनिट तिसरं. सासरे वाकले. चाळीस वर्षं प्लास्टर कालवून बोटांना काही कळेनासं झालं होतं, म्हणून माल धरून घट्ट झाला की नाही हे ते मिशीच्या टोकानं बघत. टोक बुडालं.

"आमचं प्लास्टर वीस मिनिटं घेतं. तुमचं उद्यापर्यंत पाणीच राहणार. का? तर ऐका…"

मिनिट चौथं, पाचवं, सहावं. भाषण.

मिनिट सातवं. भाषण संपलं. मान वर येईना.

"बाबा?"

"काही नाही. विचार करतोय."

"वाकून?"

जावयानं साचा हळूच ओढला. साचा सुटला. फूल मिशीलाच राहिलं. सासरे तसेच आरशासमोर गेले. एकही पाकळी दुखावली नव्हती. टिचकी मारली, फूल खणकन वाजलं.

"कात्री आणू?" मुलगी म्हणाली.

"मिशीला हात तर लावून बघ!"

"मग फूल फोडते."

"खबरदार!" सासऱ्यांनी फूल दोन्ही हातांनी झाकलं. "एवढ्या बारीक कडेचं फूल माझ्या हातून कधी निघालं नाही."

सासऱ्यांनी आरशात एकदा फूल बघितलं, एकदा मिशी.

"आण कात्री."

कच्च.

"चाळीसही ट्रक पाठवा," अर्ध्या मिशीचे सासरे म्हणाले. "पण यापुढे भाजणार मी. केकच्या भट्टीत भाजतात होय?"

ते फूल आता कारखान्याच्या दारावर आहे, केसांसकट. गिऱ्हाइकं विचारतात. सासरे विषय बदलतात.

दुसऱ्या मिनिटाला तेलाचा डबा मुलीच्या पर्समध्ये होता.