विजेतीचा रेस्ट डे

मी जर्सी बोलतेय. सायकलच्या शर्यतीत घालतात ती. आणि साधीसुधी नाही बरं का, ब्रिटनची राष्ट्रीय शर्यत जी जिंकते तिच्याच अंगावर मी चढते. पांढरीशुभ्र, छातीवर लाल आणि निळे पट्टे. थोडा तोरा आहे माझ्यात, पण तो मला शोभतो असं माझं स्वतःचं मत आहे.

सध्या मी कार्डिफमधल्या एका घराच्या गॅरेजमध्ये, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर लटकतेय. शेजारी वॉशिंग मशीन. समोर एका यंत्रावर घट्ट बसवलेली सायकल. कितीही पेडल मारा, ती जागची हलत नाही. या सायकलीबद्दल मला बरंच काही सांगायचं आहे.

गेल्या जूनमध्ये अक्षरा जिंकली आणि तिच्या मापाने मला शिवलं. मला बऱ्याच बहिणी आहेत. थोरलीने बक्षीस समारंभ पाहिला, म्हणून ती आता सिटिंग रूममध्ये काचेच्या फ्रेममध्ये बसली आहे. अक्षराचे बाबा, डॉक्टर शशिधर, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी तिच्यासमोर नेऊन उभं करतात. तिला माशीसुद्धा शिवत नाही. मी मात्र चिखल खाते, घाम पिते आणि वारा अंगावर घेते. मला माझंच नशीब आवडायचं.

अक्षराची आई, डॉक्टर प्रमोदिनी, हॉस्पिटलमध्ये भूल देते. दिवसभर मॉनिटरवरच्या आकड्यांशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. पण मी घरात आले त्या दिवशी तिने माझ्या कॉलरच्या आतल्या बाजूला काजळाचा बारीकसा ठिपका लावला. "लोकांच्या नजरा फार वाईट असतात," म्हणाली. माझ्या पांढऱ्या अंगावर काजळ! मी मनातल्या मनात किंचाळले.

आमचा एक नियम आहे. राष्ट्रीय विजेतीने वर्षभर प्रत्येक शर्यतीत मलाच घालायचं. टीममधल्या बाकीच्या मुली एकाच रंगात, शंभर जणींत मिसळून जातात. अक्षरा मात्र दुरूनही दिसते. जिंकत असताना यासारखं सुख नाही. उन्हाळाभर आम्ही दोघींनी ते उपभोगलं. चढ आला की तिचं काळीज माझ्या पट्ट्यांखाली उसळी मारायचं आणि पुढच्या क्षणी सायकल निघालेली असायची.

फेब्रुवारीत बेल्जियममध्ये हंगामाची पहिली शर्यत झाली. दगडी रस्त्याचा एक आखूड चढ आला. मी उसळीची वाट पाहत होते. ती आलीच नाही. तिचे श्वास वाढले, पण काळीज आपलं एकाच संथ चालीने चाललेलं. एकेक मुलगी आम्हाला मागे टाकून गेली. वर पोचलो तेव्हा सोबत फक्त टीमची गाडी होती.

पुढच्या शर्यतीतही तेच. मग तिने एक नवीनच सवय लावून घेतली. पावसाचं नाव नाही, स्वच्छ ऊन पडलंय, आणि ही बाई माझ्यावर काळं रेनजॅकेट चढवून चेन गळ्यापर्यंत ओढतेय! मला आधी रागच आला. मग कळलं, हिला माझी लाज वाटत नाहीये, माझ्यात दिसायची लाज वाटतेय. फोनवर कुणीतरी लिहिलं होतं की जूनमधलं जिंकणं म्हणजे निव्वळ नशीब. ते तिने इतक्या वेळा वाचलं की मलाही पाठ झालं.

या घरात सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे, मेहनत. पुण्याहून आल्यावर बाबा इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा नापास झाले आणि तिसऱ्यांदा पास झाले. ही गोष्ट अक्षराने लहानपणापासून इतक्या वेळा ऐकली आहे की बाबांनी सुरुवात केली की शेवट तीच करते. "आणि मग बाबांनी अजून हार्डवर्क केलं!"

तेव्हा तिने काय केलं असेल ते ओळखा. टीमची प्रमुख हेलन हिने शर्यतींच्या मध्ये सक्तीची विश्रांती सांगितली होती. अक्षरा विश्रांतीच्या दिवशी गॅरेजमध्ये यायची, दार लावायची, हेलनला माहिती पाठवणारं यंत्र बंद करायची आणि या न हलणाऱ्या सायकलवर बसायची. मी धुऊन समोर लटकलेली. सगळं बघायचे. अगं, थांब, असं ओरडावंसं वाटायचं, पण मला कुठे तोंड आहे?

बाबांना आतून घरघर ऐकू यायची. ते शिऱ्याची वाटी घेऊन यायचे.

"हीच जिद्द पाहिजे! खा, गरम आहे. आज सुट्टी नव्हती का गं?"

"रेस्ट डे आहे, बाबा. पण मी फक्त थोडासा करते. हेलनला नाही माहीत."

"तिला कशाला सांगायचं? चांगलंच करतेयस."

त्यांच्या डोळ्यांत नुसता अभिमान होता. म्हणून तर मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नव्हतं.

मार्चमध्ये एक शर्यत तिने अर्ध्यावर सोडली. हेलनने तिला बसमध्ये बाजूला घेतलं. हेलन अर्थातच इंग्रजीत बोलते, मी तुम्हाला मराठीत सांगते. "फ्लँडर्स तोंडावर आलंय. वर्षभर आपण त्याच शर्यतीसाठी राबतो. लीडर तू असशील की कॅरिस, ते मला शनिवारी ठरवायचंय. काही बिघडलं असेल तर आत्ता सांग."

कॅरिस ही अक्षराची टीममधली मैत्रीण, स्वान्सीची. आणि लीडर म्हणजे जिला जिंकवायला टीममधल्या बाकीच्या राबतात ती.

"काही नाही. मी ठीक आहे," अक्षरा म्हणाली. जॅकेटच्या आत मी घामाने थंडगार पडले होते.

शनिवार उजाडला. हेलनचा फोन दुपारी येणार होता. सकाळी अक्षरा पुन्हा सायकलवर. ओठ पांढरे पडलेले, नजर भिंतीवर. गती कमी झाली की ती स्वतःलाच शिव्या द्यायची. मला भीती वाटत होती की ही आता खाली कोसळेल, आणि कोसळली तर पकडायला इथे फक्त मी.

तेवढ्यात दार उघडलं. आई ड्यूटीवरून आली होती, मशीनमध्ये कपडे टाकायला. तिने अक्षराकडे एकदाच पाहिलं, हातातले कपडे खाली टाकले आणि सरळ तिचं मनगट धरलं.

"उतर."

"आई, प्लीज, फक्त टेन मिनिट्स."

"अक्षरा, एवढं पेडल मारूनही नाडी वाढत नाहीये, इतकी दमलीयस. माझ्या थिएटरमध्ये असा पेशंट आला तर मी ऑपरेशन कॅन्सल करते. उतर म्हटलं ना!"

बाबा वाटी घेऊन दारात आले. "अगं, करू दे तिला. फ्लँडर्स आलं—"

"अहो, मेहनतीचा चेहरा असा असतो का?"

अक्षरा उतरली, आणि उतरताच जमिनीवर बसली. रडतच म्हणाली, "मी थांबली तर सगळे बोलणार की ती विन फ्लूक होता. बाबा, तुम्हीच बोलता ना, फेल झालं की अजून हार्डवर्क करायचं?"

 आई बाबांकडे वळली. "आता पूर्ण गोष्ट सांगा तिला. तिसऱ्या वेळी काय झालं होतं ते."

बाबांनी वाटी मशीनवर ठेवली. "दुसऱ्या परीक्षेच्या आधी मी झोपायचोच नाही, बेटा. पेपर समोर आला आणि मला एक ओळ वाचता येईना. तिसऱ्या वेळी हिने माझी पुस्तकं उचलून शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. मी भांडलो. मग आठवडाभर नुसता झोपलो."

"हे तुम्ही कधीच नाही सांगितलं!"

"त्यात काय सांगायचं, असं वाटायचं. झोपण्यात कसला पराक्रम? चुकलंच माझं."

आणि फोन वाजला.

हेलन. अक्षरा स्क्रीनकडे बघत राहिली. खरं बोललं तर फ्लँडर्स हातचं जाणार. खोटं बोललं तर कदाचित लीडरशिप मिळेल, आणि मग साऱ्या जगासमोर ती मोडून पडेल. फोन वाजत होता. आईने मनगट सोडलं नव्हतं.  अक्षराचं बोट स्क्रीनवर टेकलं.

"हेलन, मी तुझ्याशी खोटं बोलले. फेब्रुवारीपासून मी रेस्ट डेला राइड करतेय. यंत्र बंद ठेवून."

 मग हेलन म्हणाली, "कॅरिस लीडर. तू सायकलला हात लावायचा नाहीस, मी सांगेपर्यंत. पाय परत आले तर तुला नेईन, पण कॅरिससाठी राबायला. आणि ऊन असताना ते जॅकेट मला दिसता कामा नये."

त्यानंतर या गॅरेजमध्ये घरघर नाही. अक्षरा सोफ्यावर भरदुपारी घोरते. पहिले काही दिवस तिची नुसती चिडचिड चालली होती. बाबा चोरपावलांनी फिरतात आणि फोन वाजला तर बाहेर जाऊन बोलतात.

काल हेलनने परवानगी दिली. अक्षराने मला घातलं आणि आम्ही कॅर्फिलीच्या डोंगराकडे गेलो. चढाच्या मध्यावर माझ्या पट्ट्यांखाली धप्पकन एक उसळी आली. पूर्वीइतकी मोठी नाही, पण आली. अक्षरा एकटीच मोठ्याने हसली. मी तर पांढरी असूनही लाजून लाल व्हायची बाकी होते.

आज संध्याकाळी मी बॅगेत जाईन, हेलन अक्षराला फ्लँडर्सला नेतेय. मघाशी पुण्याहून अक्षराच्या आत्याचा, मधुमतीताईंचा फोन आला होता. "काय रे शशी, कितवी येणार आपली पोरगी?" बाबा गॅरेजच्या दारात उभं राहून म्हणाले, "ताई, कितवी येईल ते सोड. कॅरिसला वारा लागू नये म्हणून ती पुढे चालवणार आहे. मग थकली की थांबेल."

तुम्हीही रविवारी टीव्ही लावणार असाल तर माझं एवढं ऐका. मला शेवटच्या रेषेवर शोधू नका, मी तिथे नसेन. पहिल्या निम्म्या शर्यतीत बघा, सगळ्यांच्या पुढे, वारा अंगावर घेत. मग मी पडद्यावरून नाहीशी होईन. तेव्हा अक्षरा हरली असं कृपा करून कुणी म्हणू नका. ती दमली असेल, आणि या वेळी ती ते सांगून थांबली असेल.